छायाचित्राचा मोह आणि जिवाची जोखीम

छायाचित्र काढणे ही एके काळी खेड्यातील कुटुंबाच्या आयुष्यात क्वचित घडणारी गोष्ट होती. घरात लग्न झाले, अथवा मुलगा शिक्षणासाठी परगावी निघाला, म्हणजे सर्व मंडळी ठेवणीतील कपडे घालून तालुक्याच्या गावी स्टुडिओत जात. रंगविलेल्या पडद्यापुढे बसून, छायाचित्रकाराने 'हलू नका' म्हणताच सारे निश्चल होत. ते चित्र चौकटीत घालून भिंतीवर टांगले जाई आणि घरी येणारेजाणारे तेवढेच ते पाहत. आज बहुतेक घरांत निदान एक मोबाईल आहे, त्यास कॅमेरा आहे, आणि त्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र क्षणार्धात हजारो अनोळखी माणसांपुढे नेता येते. इतकेच नव्हे, तर ते किती जणांनी पाहिले व किती जणांना आवडले, याचा आकडाही तत्काळ परत येतो. छायाचित्राचे हे रूपांतर सोयीचे आहे, उपयुक्त आहे, पण त्याबरोबर एक नवा अनर्थही आलेला आहे. लोकांचे लक्ष वेधून घेण्याकरिता जीव धोक्यात घालून चित्रे काढण्याची प्रवृत्ती तरुणांत व अलीकडे शाळकरी मुलांतही वाढत आहे. हिचे स्वरूप काय, ती कशातून निर्माण होते आणि प्राथमिक शिक्षकास तिच्याबाबत काय करता येण्याजोगे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

स्वतःच स्वतःचे काढलेले छायाचित्र म्हणजे सेल्फी. ऑक्सफर्डच्या शब्दकोशकारांनी इ. स. २०१३ या वर्षाचा शब्द म्हणून याच शब्दाची निवड केली होती. त्यानंतर अल्पावधीत या शब्दाबरोबर अपघातांच्या वार्ताही येऊ लागल्या. भारतीय डॉक्टरांच्या एका गटाने ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातील जगभरच्या वृत्तांचा अभ्यास करून इ. स. २०१८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना १३७ घटनांमध्ये २५९ मृत्यू आढळले. मृतांचे सरासरी वय सुमारे २३ वर्षे होते व दर चार मृतांपैकी जवळजवळ तीन पुरुष होते. मृत्यूंची पहिली तीन कारणे अनुक्रमे बुडणे, वाहनांचे वा रेल्वेचे अपघात, आणि उंचावरून पडणे ही होती. शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक एकट्या भारतातील होते. वृत्तपत्रांत न आलेल्या घटना या गणनेत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

महाराष्ट्रातील काही घटना पाहिल्या म्हणजे या आकड्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. इ. स. २०१५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील मंगरूळ तलावात नावेत छायाचित्र काढण्याच्या भरात नाव उलटून सात तरुणांस जलसमाधी मिळाली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या किनाऱ्यावरील खडकांवर सेल्फी काढताना मुली समुद्रात पडल्या. त्यांना वाचविण्यासाठी एका इसमाने पाण्यात उडी घेतली. त्याने काहींस वाचविले, परंतु एक मुलगी व तो स्वतः बुडाला. या घटनेनंतर मुंबई पोलिसांनी शहरातील पंधराच्या आसपास जागा सेल्फीसाठी धोक्याच्या ठरविल्या. जून २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सुलीभंजनच्या डोंगरावर मोटार चालविण्याचा प्रयत्न करणाऱ्या तरुणीचे चित्रण तिचा मित्र करीत होता. मोटार मागे घेता घेता ती दरीत कोसळली. त्याच्या पुढच्याच महिन्यात रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्यापाशी रील, म्हणजे छोटी चित्रफीत, तयार करताना एक तरुणी सुमारे तीनशे फूट खोल दरीत पडून मृत्यू पावली.

या सर्व घटनांत एक साम्य आहे. यांपैकी कोणीही मरण्याच्या इच्छेने घराबाहेर पडले नव्हते. बहुतेकांना आपण काही भयंकर करीत आहोत असेही वाटले नसावे. पुष्कळांच्या दृष्टीने ती एका रम्य ठिकाणची सहल होती. म्हणून 'मूर्ख पोरे, मरणारच' असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. शिक्षकाच्या तोंडी तर हे वाक्य कदापि शोभत नाही.

मुले असे का करतात?

आपल्याकडे कोणी तरी पाहावे, आपले कौतुक करावे, ही इच्छा मनुष्यमात्रास जन्मतःच असते. चालावयास शिकणारे मूल दोन पावले टाकून प्रथम आईच्या तोंडाकडे पाहते. इयत्ता पहिलीतील मुलगा पाटीवर अक्षर काढले की ती घेऊन गुरुजींपुढे धावत येतो. वय वाढते तसतशी ही इच्छा नष्ट होत नाही. बदलतात ती कौतुक करणारी माणसे. बारातेरा वर्षांच्या सुमारास आईवडिलांच्या व शिक्षकांच्या मतापेक्षा सोबत्यांच्या मताला अधिक किंमत येऊ लागते. हा वयाचा धर्म होय.

याविषयी मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग उद्बोधक आहेत. इ. स. २००५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात किशोरांना, तरुणांना व प्रौढांना संगणकावर मोटार चालविण्याचा खेळ दिला होता. एकटे असताना आणि सोबती जवळ असताना ते किती धोका पत्करतात, याची तुलना करण्यात आली. सोबती पाहत असताना किशोरांचे धोका पत्करणे लक्षणीय वाढले. प्रौढांत तसा फरक आढळला नाही. इ. स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात लॉस एंजेलिस येथील शास्त्रज्ञांनी तेरा ते अठरा वर्षे वयाच्या बत्तीस मुलामुलींना छायाचित्रे दाखविली. प्रत्येक चित्राखाली ते किती जणांना आवडले याचा आकडा होता. हे आकडे संशोधकांनीच ठरविलेले होते. तेच चित्र मोठ्या आकड्यासह दाखविले असता मुलांनी ते अधिक पसंत केले. स्वतःच्या चित्राखाली मोठा आकडा दिसताच मेंदूतील सुखाची जाणीव देणारा भाग अधिक उद्दीपित झाला. धोकादायक वर्तनाची चित्रे पाहत असताना मात्र मनाला आवर घालणाऱ्या भागांचे कार्य मंदावलेले दिसले.

समाजमाध्यमांची रचना नेमकी या वयोधर्मावर बेतलेली आहे. पूर्वी झाडाच्या शेंड्यावर चढणाऱ्या मुलास चार सवंगडी पाहत. आज तेच चार हजार असू शकतात. शिवाय आकडा प्रत्येक वेळी सारखा येत नाही. एखादे चित्र कोणाच्याही नजरेस पडत नाही, तर दुसरे अकस्मात गाजते. जे फळ केव्हा मिळेल हे सांगता येत नाही त्याचा नाद अधिक लागतो, ही गोष्ट जुगाराच्या बाबतीत सर्वांस ठाऊक आहेच. त्यातच काल जे चित्र धाडसाचे वाटले ते आज सर्वांनी केलेले असते, म्हणून उद्या कड्याच्या आणखी एक पाऊल पुढे जावे लागते. इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या माध्यमांच्या नियमांनुसार तेरा वर्षांखालील मुलांस तेथे खाते उघडता येत नाही. परंतु जन्मतारीख खोटी सांगून वा मोठ्या भावाच्या खात्यावरून लहान मुलेही तेथे वावरतात, हे शिक्षकांनी गृहीत धरावे.

यात मुलग्यांची संख्या अधिक का, याचाही विचार झाला पाहिजे. 'मुलगा असून भितोस काय?' हे वाक्य अंगणात, शेतात, विहिरीच्या काठावर मुलाने लहानपणापासून ऐकलेले असते. ही शिकवण मोबाईलने दिलेली नाही. ती घराने व गावाने दिलेली आहे. मोबाईलने तिला केवळ प्रेक्षक मिळवून दिले.

अपघात कसा घडतो?

'जपून राहा' हा उपदेश मुले ऐकतात व विसरतात. धोका कसा निर्माण होतो हे त्यांना समजावून दिले, तर ते अधिक काळ टिकते.

पहिली गोष्ट अवधानाची. मनुष्याचे लक्ष एका वेळी एकाच सूक्ष्म कामावर नीट राहू शकते. पडद्यात चेहरा नीट दिसतो का, मागचा धबधबा चौकटीत येतो का, हे पाहणाऱ्याचे पाय जणू त्याचे नसतात. त्यातून सेल्फी काढणारा धोक्याकडे पाठ करून उभा असतो आणि मागील दृश्य अधिक यावे म्हणून तो मागेच सरकतो.

दुसरी गोष्ट भिंगाची. मोबाईलचे भिंग पुष्कळसे दृश्य एकाच चौकटीत सामावून घेणारे असल्याने मागील वस्तू प्रत्यक्षाहून लहान, म्हणजेच दूर असल्यासारख्या दिसतात. पडद्यात दूर दिसणारी आगगाडी प्रत्यक्षात फार जवळ आलेली असते.

तिसरी गोष्ट पाण्याची. डोंगरावर पाऊस पडला म्हणजे खाली ऊन असले तरी ओढ्याचे पाणी काही मिनिटांत चढते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ती दुर्घटना छायाचित्राच्या हव्यासामुळे घडली असे म्हणता येणार नाही. परंतु पाऊल घोट्यापर्यंत बुडेल एवढ्या पाण्यात उभी असलेली माणसे पाहता पाहता कशी वेढली जातात, हे तिच्यावरून साऱ्या देशास दिसले. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलोग्रॅम असते. वेगाने वाहणारे अर्धा फूट खोलीचे पाणीही प्रौढ माणसाचे पाय उखडू शकते. समुद्रकाठच्या खडकांची गोष्टही तशीच. दहा लाटा पायापर्यंत आल्या नाहीत म्हणून अकरावी येणार नाही असे नसते. खडकावरील शेवाळ आणि कड्यावरील गवताखालची भुसभुशीत माती, ही दोन्ही वरून पाहता विश्वासार्ह वाटतात व पाय पडताच दगा देतात.

चौथी गोष्ट नावेची. लहान नावेत सर्व जण चौकटीत मावावे म्हणून एका बाजूस सरकले अथवा उभे राहिले, तर नावेचा तोल जातो. पोहता येणारा मनुष्यही अशा वेळी इतरांनी घट्ट धरल्यामुळे बुडतो.

पाचवी गोष्ट विजेची. विद्युतीकरण झालेल्या रेल्वेमार्गावरील तारेत पंचवीस हजार व्होल्ट दाबाची वीज असते. अशा तारेस हात लावावा लागत नाही. तिच्या फार जवळ गेले तरी वीज हवेतून झेप घेते. उभ्या असलेल्या मालगाडीच्या टपावर चढून चित्र काढणारी मुले अशीच होरपळून मेली आहेत. गावातील रोहित्रे व उच्च दाबाच्या तारा यांनाही हाच नियम लागू आहे.

साप हातात धरून अथवा गळ्यात घालून चित्रे काढण्याचा प्रकारही वाढला आहे. सर्प हाताळण्यात मुरलेल्यांनाही दंश झालेला आहे. याशिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये असे खेळ करणे गुन्हा ठरू शकते.

केवळ मनाई का पुरत नाही?

धोक्याच्या जागी फलक लावणे, कठडे उभारणे, पावसाळ्यात काही ठिकाणी प्रवेश बंद करणे, हे शासनाचे काम आहे व ते अवश्य झाले पाहिजे. परंतु 'पुढे जाऊ नये' या फलकाशेजारीच उभे राहून चित्र काढणारेही आढळतात. मनाई मोडली यातच चित्राची किंमत वाढते. शिवाय फलक प्रसिद्ध स्थळी लागतो. गावच्या खाणीतील पाण्यावर, प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या निसरड्या शेततळ्यावर, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, कठडा नसलेल्या विहिरीवर वा बंधाऱ्याच्या भिंतीवर फलक नसतो. शाळकरी मूल लोणावळ्यास जाईल न जाईल, पण शेततळ्यावर ते रोज जाते.

भय दाखविण्याच्या उपायासही मर्यादा आहे. अपघाताच्या चित्रफिती वर्गात दाखविणे मुळीच योग्य नाही. त्यायोगे कोवळ्या मनावर आघात होतो, आणि ज्या वस्तूचे आकर्षण कमी करावयाचे तीच मुलांपुढे पुन्हा ठेवली जाते. मोबाईल हिसकावून घेतल्याने तो मुलाच्या मनातून जात नाही. ते पुढच्या वेळी अधिक दूर, अधिक एकांतात जाऊन चित्र काढते, आणि एकांतात काही घडले तर धावून येणारे कोणी नसते.

शाळेत काय करता येईल?

या प्रश्नासाठी स्वतंत्र तासिकेची आवश्यकता नाही. चालू विषयांतच तो बसविता येतो.

(१) गणित : वेग, वेळ व अंतर यांवरील उदाहरणे मुलांच्या अनुभवातून द्यावीत. ताशी ९० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर अंतर तोडते. ती २०० मीटरवर दिसली तर किती सेकंदांत पोचेल? उत्तर आठ सेकंद. मग एका मुलास खोटा मोबाईल हाती देऊन 'उभा राहा, नीट दिस, चित्र काढ, ते कसे आले पाहा' असे सांगावे व इतरांनी मोठ्याने सेकंद मोजावेत. आठ सेकंद कसे संपतात हे मुलांनी एकदा मोजले, की निराळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

(२) विज्ञान : पटांगणात खडूने वा फक्कीने एक रेघ आखावी. एका मुलाने हाती छोटा आरसा धरून, त्यात स्वतःचा चेहरा व मागील झाड दोन्ही दिसतील अशा बेताने हळूहळू मागे जावे. रेघ आली असे वाटेल तेथे त्याने थांबावयाचे. पुष्कळ मुले रेघेच्या पलीकडे जाऊन थांबतील. ही रेघ म्हणजे कड्याची कड आहे असे नंतर सांगावे. सपाट जागी, शिक्षकाच्या देखत करावयाचा हा खेळ निर्धोक आहे आणि त्याचा ठसा खोल उमटतो. वरच्या वर्गांत शिक्षकाच्या मोबाईलमधून दहा पावलांवरील वस्तू किती लहान दिसते हेही दाखविता येईल.

(३) परिसर अभ्यास : मुलांकडून गावाचा नकाशा काढवून घ्यावा व त्यात धोक्याच्या जागा लाल खुणेने दाखवाव्यात. कोणत्या महिन्यात कोणती जागा धोक्याची, हे मुलांनी गावातील जुन्या माणसांस विचारून लिहावे. ओढ्यास पूर कसा येतो, कोणत्या डोहात भोवरा आहे, हे गुराख्यास व कोळ्यास जितके ठाऊक असते तितके पुस्तकास नसते. हा नकाशा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात लावला, तर मुलांच्या कामाचे सार्थक होईल व गावाचेही लक्ष त्या जागांकडे वेधेल.

(४) भाषा : 'धाडस म्हणजे काय?' हा विषय चर्चेस अथवा निबंधास द्यावा. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका मुलांना ठाऊक असते. गडाचे दरवाजे मिटल्यावर ती कडा उतरली ती घरी असलेल्या तान्ह्या बाळासाठी, आणि तेही अंधारात, कोणी पाहत नसताना. कोणासाठी आणि कशासाठी जीव धोक्यात घातला, हे विचारल्यावाचून धाडसाची किंमत ठरत नाही, ही गोष्ट मुलांच्याच तोंडून निघू द्यावी. 'मी भितो, म्हणून मी पुढे जाणार नाही' असे सवंगड्यांच्या समोर सांगणे, यालाही धैर्य लागते. असे सांगणाऱ्या मुलास शिक्षकाने वर्गात उघडपणे शाबासकी द्यावी.

(५) प्रेक्षकाचे कर्तव्य : चित्र काढवून घेणारा एक असतो, पण चित्र काढणारा, जवळ उभा राहून चिथावणारा आणि नंतर ते पाहून पसंती देणारा, हे तिघे त्याचे सहभागी असतात. पसंती देणारी मुले वर्गातच बसलेली असतात. 'मित्राने धोक्याचे चित्र टाकले तर त्यास पसंती द्यावयाची नाही, ते पुढे पाठवावयाचे नाही, आणि त्याला एकट्याला गाठून सांगावयाचे' एवढा संकल्प जरी वर्गाने केला, तरी त्या मुलास लाभणारा प्रेक्षकवर्ग निम्मा कमी होईल. मुलाला परक्या हजारांपेक्षा वर्गातील दहा जणांचे मत अधिक मोलाचे वाटते, हे शिक्षकाच्या हाती असलेले मोठे साधन होय.

(६) बचाव : कोणी पाण्यात पडले तर मागोमाग उडी घ्यावयाची नाही, हे प्रत्येक मुलास पाठ असले पाहिजे. वांद्र्याच्या घटनेत बचावासाठी गेलेल्याचाही प्राण गेला, हे विसरता कामा नये. मोठ्याने हाका मारून वडील माणसांस बोलवावे. काठावर पालथे पडून बांबू, दोर, धोतर वा साडी पुढे टाकावी. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा डबा दोरीस बांधून फेकला तर तो बुडत्यास तरंगत ठेवतो. ११२ या क्रमांकावर तत्काळ मदत मागावी व रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. विजेचा धक्का बसलेल्यास प्रवाह बंद होईपर्यंत हात लावू नये. याची प्रात्यक्षिके वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, अवश्य घ्यावीत.

(७) छायाचित्राचे शिक्षण : मुलांस छायाचित्र काढू नका असे सांगण्यापेक्षा ते चांगले कसे काढावे हे शिकविणे अधिक फलदायी आहे. वारुळ, सुगरणीचे घरटे, जुन्या बारवेतील दगडी काम, आजीचे दळणाचे हात, यांची चित्रे काढून भित्तिपत्रकावर लावता येतील. याबरोबर दोन सोपे नियम पाठ करून घ्यावेत : 'चालताना चित्र काढावयाचे नाही आणि चित्र काढताना चालावयाचे नाही', तसेच 'आधी पायाखाली पाहावे, मग चौकटीत पाहावे'.

मुलाकडे पाहणारी शाळा

वरील उपाय आवश्यक आहेत, तरी ते एका मूळ गोष्टीवाचून अपुरे राहतात. ज्या मुलाकडे घरी, वर्गात, गावात वर्षभर कोणी नीट पाहिलेले नसते, त्याला पडद्यावरील आकडा फार मोठा वाटतो. वर्गातील पहिल्या पाच मुलांची नावे परिपाठात, बालसभेत, पारितोषिकांत येत असतात. मागच्या बाकावरील पंधरा मुलांची नावे केवळ हजेरीत व तक्रारीत येतात. ही मुले अभ्यासात मागे असतील. पण कोणी उत्तम पोहतो, कोणी बैलाची नस ओळखतो, कोणी सायकल दुरुस्त करतो, कोणी ढोलकीवर हात बसवितो. प्रत्येक मुलाचे एक तरी काम महिन्यातून एकदा सर्वांसमक्ष मांडले जाईल, अशी योजना शिक्षकाने हेतुपूर्वक करावी. त्यासाठी खर्च लागत नाही. हजेरीपटाच्या कडेस एक खूण करीत गेले, म्हणजे कोण राहून गेले ते कळते.

मात्र हे कौतुक खरे असावे. न केलेल्या कामाची स्तुती मुलांस तत्काळ ओळखू येते. आणि त्याची चढाओढ होऊ देऊ नये, नाही तर आकड्यांचा तोच खेळ शाळेत नव्याने सुरू होईल. एखादे मूल एकाएकी गप्प राहू लागले, चित्रास पसंती न मिळाल्याने खिन्न झाले, अथवा जिवाची पर्वा नाही असे बोलू लागले, तर त्यास एकांतात बसवून शांतपणे ऐकून घ्यावे व पालकांस विश्वासात घ्यावे. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, हेही शाळेच्या फळ्यावर लिहिलेले असावे.

शिक्षकाचे व पालकांचे वर्तन

मुले शिक्षकाचे बोलणे ऐकतात, त्यापेक्षा त्याचे वागणे अधिक पाहतात. मोटारसायकल चालविताना कानास मोबाईल लावून शाळेत येणाऱ्या शिक्षकाने सुरक्षिततेवर पाठ देऊ नये. सहलीत 'सर्व जण जरा मागे सरका, मागचा किल्ला येऊ द्या' असे म्हणताना मुलांच्या मागे काय आहे, हे आधी स्वतः जाऊन पाहिले पाहिजे. समूहचित्र नेहमी सपाट, कोरड्या व पाण्यापासून दूर असलेल्या जागी काढावे. त्या वेळी एका शिक्षकाने चित्रात न येता केवळ मुलांवर लक्ष ठेवावे. नाव, पूल, रेल्वेचा फलाट व कड्याची कड या ठिकाणी चित्र काढणे सहलीच्या आधीच वर्ज्य ठरवावे.

शाळेच्या कामातही छायाचित्रांचे प्रमाण वाढले आहे. उपक्रमाचा पुरावा म्हणून चित्र पाठवावे लागते. इ. स. २०१६ च्या अखेरीस तर विद्यार्थ्यांसमवेत सेल्फी काढून उपस्थिती नोंदविण्याची कल्पना राज्यात पुढे आली होती. शिक्षकांच्या विरोधामुळे ती मागे पडली. चित्र आवश्यक असेल तेथे ते अवश्य काढावे. परंतु झाड लावले ते चित्रासाठी, वाचन केले ते चित्रासाठी, असा समज मुलांचा झाला, तर जे चित्रात आले तेवढेच खरे, ही शिकवण शाळाच देत आहे असे होईल. त्याचप्रमाणे मुलांची चित्रे पालकांच्या संमतीवाचून समाजमाध्यमांवर प्रसृत करू नयेत.

पालकसभेत व शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय पावसाळ्याच्या आरंभी मांडावा. मोबाईल मुलाच्या हाती किती वेळ असावा, याचा निर्णय प्रत्येक घराने करावयाचा आहे. पण तीन गोष्टी सर्व पालकांस सांगता येतील : मुलाच्या खात्यावर काय चालले आहे ते रागावल्यावाचून विचारावे, त्याच्या धोक्याच्या चित्राचे नातलगांत कौतुक करू नये, आणि शेततळ्याभोवती कुंपण व आत उतरता-चढता येईल असा दोर किंवा शिडी कायम ठेवावी. माझा मुलगा किती धीट आहे म्हणून वडिलांनीच असे चित्र सर्वत्र पाठविले, तर शाळेच्या वर्षभराच्या शिकवणीचा काही उपयोग होत नाही.

उपसंहार

मोबाईल गावातून परत जाणार नाही व तो जावा अशी अपेक्षाही नाही. त्याच साधनाने आज दुर्गम पाड्यावरील मुलास जगाचे ज्ञान मिळू शकते. त्याचा उपयोग करताना पाय कोठे आहेत याचे भान मुलास असावे, आणि आपली किंमत परक्यांच्या आकड्यावर अवलंबून नाही हा विश्वास त्याच्या ठिकाणी निर्माण व्हावा, एवढीच अपेक्षा आहे. यांपैकी पहिली गोष्ट खडूच्या एका रेघेने शिकविता येते. दुसरीस वर्षे लागतात. ती शिकविण्याची संधी आईबापांच्या खालोखाल प्राथमिक शिक्षकासच लाभलेली आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेने आपल्या गावाचा धोक्याचा नकाशा तयार करावा व बचावाचे एक प्रात्यक्षिक घ्यावे. एका जरी मुलाचे पाऊल त्यामुळे काठावरून मागे आले, तरी हा सर्व खटाटोप सार्थकी लागला असे समजावे.